सहावी बाई : सामोआतील एका निवडणुकीची गोष्ट

(महिला संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात ‘आरक्षण आणि सत्ता’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

काल रात्री जेवणानंतर आपल्या गटात जो वाद झाला, तिथूनच सुरुवात करते. वाद असा होता की, आरक्षणामुळे आत येणारी बाई जर आपल्याला नको असलेल्या पक्षाची असेल, तिच्या येण्यानं एखादं चांगलं सरकार पडणार असेल, तर आपण काय म्हणायचं? ‘बाई आहे, येऊ दे’ म्हणायचं, की ‘ही बाई नको’ म्हणायचं? साडेदहा वाजले, दिवे मालवायची वेळ झाली आणि वाद तसाच राहिला. झोपताना मला आठवलं की हा प्रश्न जगात एका देशात अगदी असाच्या असा, कोर्टात उभा राहिला आहे. त्या देशाचं नाव सामोआ. आज मी महाराष्ट्रातल्या पंचायतींवर बोलणार होते. ते टिपण पिशवीतच ठेवते. ते अनुभव आपल्या सगळ्यांकडे आहेत.

सामोआ कुठे आहे ते आधी सांगते, कारण मलाही नकाशा काढूनच पाहावं लागलं होतं. प्रशांत महासागरात, न्यूझीलंडच्या ईशान्येला, उपोलू आणि सवाई ही दोन मोठी बेटं आणि काही लहान. लोकसंख्या साधारण दोन लाख, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. आपिया ही राजधानी. आधी जर्मनांची वसाहत, 1914 पासून न्यूझीलंडचा ताबा, आणि 1 जानेवारी 1962 ला स्वातंत्र्य. एवढा लहान देश, त्यात आपण काय शिकायचं, असं वाटू शकतं. पण लहान जागेत गोष्टी स्पष्ट दिसतात. आपल्याकडे जे पाचशे गावांत पसरलेलं असतं ते तिथे एका सभागृहात दिसतं.

तिथली समाजरचना समजल्याशिवाय निवडणूक समजणार नाही, म्हणून त्यावर थोडा वेळ घेते. तिथे मोठं एकत्र कुटुंब असतं, आणि प्रत्येक कुटुंबाचे किताब असतात. किताब धारण करणाऱ्याला ‘मताई’ म्हणतात. आपल्या एकत्र कुटुंबातल्या कर्त्यासारखा म्हणा. फरक असा, की थोरला मुलगा म्हणून तो आपोआप होत नाही. सगळं कुटुंब बसतं, चर्चा करतं, वाद घालतं आणि ठरवतं. आणि परंपरेनुसार किताब बाईलाही देता येतो, त्याला बंदी नाही. मताई मिळून गावाची सभा बनते, तिला ‘फोनो’ म्हणतात. गावातले तंटे, जमीन, दंड, गावाची शिस्त, सगळं तिथे ठरतं.

आता ‘बंदी नाही’ या दोन शब्दांकडे लक्ष द्या. आपल्याला हे शब्द चांगले ओळखीचे आहेत. ग्रामसभेला यायला बायकांना बंदी नाही. सातबाऱ्यावर नाव लावायला बंदी नाही. सामोआतही बंदी नाही, पण मताईंमध्ये बायका किती, तर दहात जेमतेम एक. त्यातही गावात राहून फोनोत बसणाऱ्या त्याहून कमी, आणि काही गावं तर बाईचा किताब मानतच नाहीत.

आणि देशाची संसद कोणी निवडायची? स्वातंत्र्यानंतर कायद्यानं ठरलं की फार थोड्या जागा सोडल्या तर मतदार फक्त मताई, आणि उमेदवारही मताईच. म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळजवळ तीस वर्षं त्या देशातल्या बहुसंख्य बायकांना संसदेसाठी मतच नव्हतं. किताब नसलेल्या पुरुषांनाही नव्हतं, हेही खरं. 1990 ला सार्वमत घेतलं, थोडक्या बहुमतानं प्रौढ मताधिकार मंजूर झाला, आणि 1991 ला एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांनी पहिल्यांदा मत दिलं. पण उमेदवारी मात्र मताईकडेच राहिली, ती अजूनही तशीच आहे. पुढे त्याला आणखी एक अट जोडली गेली. उमेदवारानं सलग तीन वर्षं आपल्या गावाची ‘मोनोतांगा’ केलेली हवी. मोनोतांगा म्हणजे गावाच्या कार्याला पैसा, धान्य, श्रम, जे काही मताईनं द्यायचं असतं ते. गावाची सेवा केली असेल त्यानंच गावाचं प्रतिनिधित्व करावं, ऐकायला किती छान. पण ती सेवा झाली की नाही हे सांगणार कोण? गावातले मताई. ते कोण, ते वर सांगितलं.

यावर तिथले मोठे लोक काय सांगतात, तर आमच्याकडे बाईचा फार मान आहे. आणि मैत्रिणींनो, हे खोटं नाही. बहीण आणि भाऊ यांच्यात तिथे एक करार मानतात, त्याला ‘फेआंगाइंगा’ म्हणतात. भावानं बहिणीचा मान राखायचा, तिची सेवा करायची, तिच्यासमोर वावगं बोलायचं नाही. बहीण म्हणजे घराण्याची पवित्र बाजू. गावच्या लेकींची स्वतंत्र संस्था असते, ‘आउआलुमा’, तिला गावात वजन असतं. न्यूझीलंडविरुद्धची त्यांची चळवळ ‘माऊ’ म्हणून ओळखली जाते. 28 डिसेंबर 1929 ला आपियात शांतपणे चाललेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे त्यात गेले. त्यानंतर माणसं रानात लपली आणि चळवळ चालवली ती बायकांनी. ‘बायकांची माऊ’ असंच तिला नाव पडलं. सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. (याचं आपल्याला नवल वाटणार नाही.) गावोगाव आरोग्याचं, पाण्याचं, बाळंतिणींचं काम बायकांच्या समित्यांनी उभं केलं.

मग एवढा मान असताना सत्तेत वाटा का नाही? तर तोच मान आड येतो. फोनोत पुरुष मोकळेपणी बोलतात, चावट विनोद करतात, भांडतात. बहिणीसमोर असं बोलता येत नाही. म्हणून बहिणीनं तिथे न बसलेलं बरं. तिच्या मानासाठीच! मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या तालुक्यातला एक प्रसंग आठवला. नवीन निवडून आलेल्या सरपंच बाईंना पहिल्या बैठकीला हार घातला, साडी दिली, खुर्ची दिली, आणि मग उपसरपंच म्हणाले, ताई, तुम्ही आता घरी गेलात तरी चालेल, पुढचं बोलणं जरा तुमच्यासमोर बरं दिसणार नाही. बाई घरी गेल्या. शिक्का आधीपासून यजमानांच्या खिशात होता.

आणि हा मान कोणाला, तर लेकीला. सुनेला नाही. हा भाग आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. नवऱ्याच्या गावी नांदायला आलेल्या बाईला तिथे ‘नोफोताने’ म्हणतात. तिचं स्थान सासरच्या घरात खालचं. रांधायचं, वाढायचं, नवऱ्याच्या बहिणींची आणि आईवडलांची सेवा करायची. आउआलुमात ती बसू शकत नाही, ती गावच्या लेकींची असते. तिची आउआलुमा तिच्या माहेरी. म्हणजे एकच बाई माहेरी पवित्र बहीण आणि सासरी नोफोताने. मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, तुम्हालाही पडणार नाही. हा धागा शेवटी पुन्हा लागेल, तो लक्षात ठेवा.

आता निवडणुकीकडे येते.

2011 च्या निवडणुकीत 49 जणांच्या संसदेत बायका निवडून आल्या दोन. प्रशांत महासागरातल्या त्या पट्ट्यात हे काही वेगळं नव्हतं. पापुआ न्यू गिनीत 2017 ला 111 जागांपैकी बाईला एकही मिळाली नाही, वनुआटूच्या संसदेतही कित्येक वर्षं एकही बाई नव्हती. त्या पार्श्वभूमीवर सामोआनं 2013 ला घटनादुरुस्ती केली. संसदेत किमान दहा टक्के बायका असतील. पद्धत आपल्याहून वेगळी. मतदारसंघ राखीव नाहीत, आळीपाळी नाही. निवडणूक नेहमीसारखी होऊ द्यायची. बायका पुरेशा आल्या तर प्रश्न मिटला. कमी पडल्या, तर हरलेल्या बायकांमधून जिला आपल्या मतदारसंघात सर्वांत जास्त टक्के मतं मिळाली तिच्यापासून सुरुवात करून हव्या तेवढ्या आत घ्यायच्या, आणि त्यांच्यासाठी सभागृहात जास्तीच्या खुर्च्या टाकायच्या. कुणाही पुरुषाची जागा जात नाही. कायदा सहज मंजूर होण्यामागे हेही एक कारण असावं, असं मला वाटतं! 2016 ला चार जणी निवडून आल्या, एक कमी पडली, ती आत आली, 49 चे 50 झाले. कुणाची तक्रार नाही.

दुरुस्तीच्या मजकुरात एक बारीक गोष्ट होती. ‘किमान दहा टक्के’ असं लिहून पुढे म्हटलं होतं की, शंका राहू नये म्हणून, सध्या ही संख्या पाच आहे. 49 चे दहा टक्के 4.9, म्हणजे पाच. ठीक. 2019 ला मतदारसंघांची फेररचना झाली आणि जागा 51 झाल्या. 51 चे दहा टक्के 5.1. घटनेतला तो ‘पाच’ मात्र कुणी बदलला नाही. शंका राहू नये म्हणून घातलेल्या आकड्यानंच पुढे सगळी शंका उभी केली.

9 एप्रिल 2021 ला निवडणूक झाली. एका बाजूला मानवी हक्क संरक्षण पक्ष. नाव मोठं आहे. 1982 पासून मधली थोडी वर्षं सोडली तर सतत सत्तेत, आणि 1998 पासून पंतप्रधान एकच, तुइलाएपा. समोर होता ‘फास्ट’ नावाचा एक वर्षही न झालेला पक्ष, आणि त्याच्या नेत्या फियामे नाओमी माताआफा.

फियामेंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पहिल्या पंतप्रधानांच्या त्या कन्या. आई लाउलू फेताउइमालेमाऊ शिक्षिका, महिला परिषदेच्या अध्यक्षा आणि स्वतः खासदार होत्या. म्हणजे घराणं मोठं, हे आपण लपवू नये. आपल्याकडेही सत्तेत पोचलेल्या बायकांच्या मागे बहुतेक वेळा घराणं असतं. पण वडील गेल्यावर ‘फियामे’ हा किताब त्यांच्याकडे आपोआप चालून आला नाही, त्यासाठी कोर्टकज्जा झाला आणि विशीतच त्या मताई झाल्या. 1985 ला लोतोफांगा मतदारसंघातून संसदेत, 1991 ला देशाच्या पहिल्या महिला मंत्री, पंधरा वर्षं शिक्षण खातं, नंतर महिला व समाजविकास, न्याय, आणि 2016 ला उपपंतप्रधान. तुइलाएपांच्याच मंत्रिमंडळात. 2020 ला सरकारनं जमीन आणि किताबांच्या न्यायालयासंबंधी तीन विधेयकं आणली, त्यांनी न्यायव्यवस्थेला धक्का पोचतो म्हणून फियामेंनी राजीनामा दिला, आणि पुढच्या मार्चमध्ये ‘फास्ट’चं नेतृत्व घेतलं.

निकाल लागला. 51 पैकी सत्ताधारी 25, ‘फास्ट’ 25, आणि एक अपक्ष. बायका निवडून आल्या पाच.

त्या अपक्षाकडे सगळ्यांचे डोळे. तो काय ठरवतो याची वाट देश पाहत असताना 20 एप्रिलला निवडणूक आयुक्तांनी जाहीर केलं की 51 पैकी पाच म्हणजे 9.8 टक्के, घटनेनं दहा सांगितले आहेत, तेव्हा सहावी बाई आत घ्यावी लागेल. हरलेल्यांत पहिल्या होत्या अलिइमालेमानु आलोफा तुउआउ. त्या सत्ताधारी पक्षाच्या. सत्ताधारी झाले 26. दुसऱ्या दिवशी अपक्ष तुआला ‘फास्ट’मध्ये गेले. 26 विरुद्ध 26. राष्ट्रप्रमुखांनी 4 मे रोजी सांगितलं की कोंडी फुटत नाही, 21 मे रोजी पुन्हा निवडणूक घ्या.

आता आपण स्वतःला त्या देशातल्या महिला संघटनेच्या कार्यकर्त्या समजू. देशाच्या इतिहासात पहिल्यांदा बाई पंतप्रधान होण्याच्या उंबरठ्यावर आहे. तिला अडवलं आहे ते आपणच मागितलेल्या तरतुदीनं. ज्यांनी चाळीस वर्षं बायकांना दारात ठेवलं ते अचानक म्हणतात, आम्ही महिला आरक्षणाचे रखवालदार आहोत, आम्हाला पाच बायका पुरत नाहीत, सहा हव्यात. आणि बाई पंतप्रधान व्हावी म्हणणारा पक्ष कोर्टात जाऊन सांगतो, पाच पुरे, सहावी नको. काय करायचं? काल आपल्या गटातल्या अर्ध्या जणी म्हणाल्या असत्या, सहावी नको. मीही क्षणभर म्हटलं असतं, कबूल करते.

17 मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘फास्ट’च्या बाजूनं निकाल दिला. घटनेत पाच लिहिलंय, पाच आल्या, सहावीची नेमणूक रद्द. नवी निवडणूकही रद्द. निवडणुकीपासून 45 दिवसांत संसद भरलीच पाहिजे, म्हणजे 24 मे ही शेवटची तारीख. शनिवारी 22 मे ला राष्ट्रप्रमुखांनी बैठक स्थगित केल्याचं फर्मान काढलं. रविवारी, तिथे रविवार किती कडक पाळतात बघा, त्या रविवारी न्यायालय बसलं आणि फर्मान रद्द केलं. सोमवारी फियामे आपल्या सदस्यांसह संसदेवर गेल्या, तर दाराला कुलूप. सरन्यायाधीश झगा घालून आले, त्यांनाही आत जाता आलं नाही. मग संसदेच्या आवारात मांडव टाकला आणि त्या मांडवात फियामेंचा शपथविधी झाला. पारावर भरलेल्या ग्रामसभा मी पाहिल्या आहेत, कार्यालयाची किल्ली सापडत नाही म्हणून. पण देशाच्या संसदेची किल्ली!

जुनं सरकार म्हणालं हा शपथविधी बेकायदा. पुन्हा कोर्ट. अखेर 23 जुलैला अपील न्यायालयानं सांगितलं की पर्याय बंद केल्यामुळे झालेला तो शपथविधी वैध, आणि 24 मेपासून तेच सरकार. फियामे पंतप्रधान झाल्या. अर्थमंत्रीही बाई, मुलिपोला अनारोसा आले मोलिओओ. बातम्या जगभर गेल्या त्या एवढ्याच.

पण आपल्या कामाची गोष्ट 2 जूनच्या निकालात आहे, जिची बातमी फारशी झाली नाही. सहाव्या बाईचं प्रकरणही अपील न्यायालयात गेलं होतं. न्यायालयानं दोन प्रश्न वेगळे केले. पहिला, किती बायका? तर घटनेचा हेतू दहा टक्क्यांचा आहे, बाईचे अपूर्णांक होत नाहीत, 51 च्या सभागृहात पाच म्हणजे दहा टक्के नव्हेत, म्हणून किमान सहाच. दुसरा, केव्हा? तर निवडणूक अर्ज, खटले, पोटनिवडणुका सगळं संपल्यावर. मतांची बेरीज अजून व्हायची असताना, मधेच, कुणाला तरी सत्ता टिकवायला हवी म्हणून नव्हे.

हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आपण वादात नेहमी दोन्ही एकत्र कालवतो. ही बाई कोणाची, ती का आली, तिला कोणी आणलं, हे सगळं एका घासात. आणि मग कधी तत्त्व सोडतो, कधी राजकारण डोळ्याआड करतो. सहा हा आकडा बरोबर होता. तो वापरण्याची वेळ चुकीची होती. सत्ताधारी पक्ष लबाड होता म्हणून सहावी जागा खोटी ठरत नाही.

माझ्या मते ‘फास्ट’ची कसोटी इथे लागली, आणि त्यात तो पक्ष उतरला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये पोटनिवडणुका झाल्या. बायकांची संख्या सहापेक्षा कमी राहिली, म्हणून जास्तीच्या दोन जणी आत घ्यायच्या ठरल्या. दोघीही विरोधी पक्षाच्या, त्यांतल्या एक पुन्हा अलिइमालेमानु. आता ‘फास्ट’चं बहुमत भक्कम होतं, दोन जणींनी काही सरकार पडत नव्हतं. तरीही सभापतींनी त्यांना शपथ द्यायचं नाकारलं. प्रकरण परत कोर्टात गेलं, आणि न्यायालयानं सांगितल्यावर, निवडणुकीला वर्ष उलटून गेल्यावर, 2022 मध्ये त्या दोघींना शपथ मिळाली. बाई पंतप्रधान असलेल्या राज्यात. तोवर त्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि त्या दोघींची गाऱ्हाणी मांडायला जगातून कुणी गेलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष मांडवाकडे होतं. मी स्वतः मांडवाची बातमी आमच्या बैठकीत कौतुकानं वाचून दाखवली होती. या दोघींची गोष्ट मला फार उशिरा कळली.

कायद्याच्या बनावटीतला दोष इथे सांगायला हवा. हरलेल्यांतून बाई घ्यायची म्हणजे ती कुठल्या तरी पक्षाची असणारच, आणि ती नेहमी मतदारांनी नाकारलेली म्हणून हिणवली जाणार. ‘मागच्या दारानं आलेली’. शिवाय दोन पक्ष समसमान असले की ती जास्तीची खुर्ची सरकार ठरवते, आणि ती कोणाला जावी यावर डाव सुरू होतात. आपली राखीव मतदारसंघांची पद्धत या बाबतीत बरी आहे, आपली बाई निवडून येते, कुणी तिला हरलेली म्हणू शकत नाही. पण आपल्या पद्धतीत वॉर्ड फिरतो आणि पाच वर्षं घाम गाळलेली बाई पुढच्या वेळी खुल्या जागेवर उभी राहायला निघाली की तिला सांगतात, तुमची पाळी झाली. लोकसभा-विधानसभांसाठी 2023 ला जो एक तृतीयांश जागांचा कायदा झाला तोही जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेच्या खुंटीला बांधून ठेवला गेला. त्या दिवशी आपल्याकडे पेढे वाटले गेले. कलमाचं ते शेपूट आपल्यापैकी किती जणींनी वाचलं होतं? मी वाचलं होतं असं म्हणवत नाही. सामोआतला ‘पाच’ असाच कुणी वाचला नव्हता.

फियामेंचं पुढे काय झालं तेही सांगते, नाही तर गोष्ट परीकथा होईल. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी आपले शेतीमंत्री लाआउली यांना, त्यांच्यावर फौजदारी आरोप दाखल झाल्यावर, मंत्रिमंडळातून काढलं. हे लाआउली पक्षाचे संस्थापक आणि अध्यक्ष. पक्ष फुटला, बहुसंख्य त्यांच्या मागे गेले. म्हणजे पंतप्रधान बाईकडे आणि पक्ष पुरुषाकडे, हे चार वर्षं झाकलेलं एका दिवसात उघडं पडलं. फियामेंनी दोन अविश्वास ठराव परतवले, पण मे महिन्यात अर्थसंकल्प नामंजूर झाला आणि त्यांनी संसद विसर्जित करायला लावली. 29 ऑगस्ट 2025 ला निवडणूक झाली. लाआउलींच्या ‘फास्ट’ला 51 पैकी 30 जागा, तुइलाएपांच्या पक्षाला 14, फियामेंच्या नव्या पक्षाला तीन. लोतोफांगाची आपली जागा मात्र त्यांनी राखली, चाळीस वर्षांपूर्वी जिंकलेली.

त्या चार वर्षांत तिथल्या साध्या बाईला काय मिळालं असं तुम्ही विचाराल. प्रत्येक जिल्ह्याला विकासकामांसाठी दरवर्षी दहा लाख टाला द्यायची योजना आली, तिचा फायदा बायकांनाही झाला असेल. पण उमेदवारीची अट मताईचीच राहिली, मोनोतांगाही राहिली. फियामे स्वतः किताबाच्या परंपरेला मानणाऱ्या आहेत, तिच्या आत राहूनच त्या मोठ्या झाल्या. त्यांच्याकडून ती मोडण्याची अपेक्षा करणं हा आपला भाबडेपणा. मला त्यांचा राग येत नाही. पण ‘पहिली बाई’ आली की दार सगळ्यांना उघडलं, असं मी म्हणणार नाही.

आज सकाळी चहाच्या वेळी आपल्यातल्या एक मावशी, काल रात्रीचा वाद ऐकत कोपऱ्यात बसल्या होत्या त्या, मला म्हणाल्या, तुझ्या त्या देशाचं सगळं ऐकू आम्ही, पण एक सांग, तिथल्या सुनेला निवडणुकीला उभं राहता येतं का गं? मी म्हटलं, भाषणात सांगते.

मावशी, कायद्यानं येतं. पण उभं राहायचं तर किताब हवा. सासरच्या गावात ती नोफोताने, तिथला किताब सहसा त्या घराण्याच्या रक्ताला. तिचा हक्क माहेरच्या किताबावर. तो मिळालाच, तर सलग तीन वर्षं माहेरच्या गावाची मोनोतांगा करायची. पैसा, चटया, डुकरं, माणसांची ये-जा. आणि ती राहते सासरी, राबते सासरी, हातातला पैसा सासरचा. सासरच्या ताटातलं उचलून माहेरच्या गावाला तीन वर्षं द्यायचं, तेही उघड, सगळ्यांदेखत, हिशेब ठेवून. तुम्ही मान हलवताय, म्हणजे तुम्हाला कळलं. प्रश्न कुणाला विचारायचे असतील तर विचारा, जेवणाला अजून अर्धा तास आहे.